निसारभाईंनी कप हलवला नाही

शनिवार, संध्याकाळ. हुफूफ स्टेशन.

गाडी चुकली. पुढची येईपर्यंत इथेच बसायचं. चिडलोय, म्हणून लिहीत बसलोय.

महिन्यातून एकदा मी आणि निसारभाई रियाधहून गाडीने निघतो, एखादा जुना कहवाखाना शोधतो आणि संध्याकाळी परत. ऑफिसात तोच एक दोस्त. आज त्यांच्या नोकरीचा विषय काढायचा नाही, असं ठरलं होतं. त्यांच्या जागी सौदी मुलगा घेतलाय. त्याला काम शिकवायचं तेही यांनीच. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, संपला की खलास, रत्नागिरी.

आजच्या कहवाखान्याचा म्हातारा मालक स्वतः किटली घेऊन कहवा ओततो. पुरे झालं की रिकामा कप जरासा हलवायचा, नाहीतर तो ओततच राहतो. मी नवा होतो तेव्हा हे मला निसारभाईंनीच शिकवलं. आणि आज स्वतःच कप हलवेनात! तो ओततोय, हे पितायत. मी घड्याळ दाखवलं. "यल्ला निसारभाई, गाडी!" कप पुन्हा पुढे. विसरले? उभी हयात इथे काढलेला माणूस?

शेवटी ओरडलोच. "कप हलवा की हो! किती पिणार?"

"सुहास, ऑफिसात कोणी विचारलं मला, पुरे का म्हणून? हा बाबा दर खेपेला विचारतोय. पिऊ दे."

मी पुन्हा खाली बसलो. गाडी गेली ती गेलीच.

मघाशी त्यांना स्टेशनवरचा चहा आणून दिला. तो केव्हाच संपलाय. रिकामा कप हातात धरून बसलेत. हलवत नाहीत.

उठतो. आणखी एक आणतो.