ओवी पंचवीसमध्ये आहे

१ जुलै, मंगळ.
शाळेतून येताना ओवी रिक्षात एकदम ओरडली, "आई, मी पंचवीसमध्ये आहे!" क्लासटीचर दुसऱ्या मॅडमना म्हणाल्या म्हणे, "ही पंचवीसमधली." वर्गात रेड हाउस, ब्लू हाउस असतात, तसंच काहीतरी वाटतंय तिला. शेअर रिक्षा, बाजूला शाळेतल्याच मुलांच्या दोन आया.
गरिबांच्या मुलांना पंचवीस टक्के जागा, फी सरकार देणार. लॉटरीत नंबर लागला तेव्हा आमच्या मानपाड्यात घरोघरी पेढे वाटलेले मीच. आता तोच आकडा कोणी ऐकू नये असं वाटतं.
घरी आल्यावर सांगितलं, हे कोणाला सांगायचं नाही. "का? सीक्रेट टीम आहे?" हो म्हटलं. चुकलंच बहुतेक.

४ जुलै, शुक्र.
गेटवर रियाची मम्मी भेटली. तिचं नाव मला माहीत नाही, माझं तिला नाही. मी ओवीची मम्मी, ती रि.म. पोरी एका बाकावर बसतात, डबासुद्धा अर्धा अर्धा. बाई मनाने चांगली आहे, हाच तर त्रास. विचारलं, तुम्ही काय करता? तोंडातून गेलं, बुटीक आहे. आहे काय, तर खिडकीपाशी शिलाई मशीन आणि ब्लाउजपीसचे गठ्ठे. "अय्या, कुठे? येते ना मी!" म्हटलं रिनोव्हेशन चालू आहे. किती महिने चालवणार आता हे रिनोव्हेशन.
पलीकडे प्रथमेशची आई उभी. स्टेशनबाहेर फुलं विकते, तिचा मुलगाही पंचवीसमधलाच, कागदपत्रं तपासायच्या रांगेत भेटलेलो. माझ्याकडे बघून हसली. मी मोबाईल काढून बघत बसले.

९ जुलै, बुध.
आयांच्या ग्रुपवर पेटलंय. फी वाढली. कोणीतरी लिहिलं, त्या मुलांचे पैसे सरकार वेळेवर देत नाही, म्हणून शाळा आपल्याकडून काढते. मग सगळ्याच सुटल्या.
"गरिबांना मदत झालीच पाहिजे, पण आमच्याच मुलांच्या वर्गात कशाला?"
"आधी सरकारी शाळा सुधारा ना."
"मुलांची भाषा बिघडते हो." ही बाई परवाच ओवीची कविता ऐकून तिचा गालगुच्चा घेऊन गेलेली.
रि.म.: "माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण वेगळी तुकडी केली तर त्यांनाही बरं ना, कॉम्प्लेक्स नाही येणार."
खाली अंगठेच अंगठे. सगळ्यांचा आहे आणि ओवीच्या मम्मीचा नाही, हे कोणाच्या लक्षात आलं तर? मीही अंगठा दाबला.
निलेश कंपनीतून घरी आल्यावर त्याला सांगितलं. भडकला. "चोरी केलीये का आपण? कायद्याने मिळालेली जागा आहे." आहे ना. पण त्याला रोज गेटवर उभं राहावं लागत नाही.

१६ जुलै, बुध.
पालकसभा. मॅडम आत यायच्या आधीच एक बाबा उभे राहिले, "वेगळी तुकडी हवी त्यांनी हात वर करा." रि.म. शेजारी बसलेली. हसत माझं कोपर जरासं वर ढकललं. हात वर गेला. तिने ढकललं नसतं तरी गेलाच असता, खोटं कशाला लिहू.
मागे पाहिलं. प्रथमेशची आई, दोन्ही हात मांडीवर.
जिन्यात गाठलंच तिने. "ताई, तुमचा हात कशाला वर गेला?"
मी पायऱ्या उतरायला लागले.
"घाबरू नका. मी काय कोणाला सांगायला जात नाय."
तिला माझी कीव आलेली.

२० जुलै, रवि.
रियाचा वाढदिवस. ओवीला त्यांच्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर सोडून आले. ती परत येईपर्यंत मशीनवर बसले, एकच बाही पुन्हा पुन्हा उसवली. घेऊन येताना पहिलं विचारलं, "कोणाला काही बोलली नाहीस ना?"
"नाही. रियाने विचारलं घर कुठेय, तर तेपण सीक्रेट सांगितलं."
एवढीशी पोर, घर लपवायला लागली. मीच शिकवलं. रडू आलं, तिला म्हटलं डोळ्यात धूळ गेली.

२४ जुलै, गुरु.
रि.म.चा फोन. उद्या चौघी प्रिन्सिपल मॅडमना भेटणार, वेगळ्या तुकडीचं बोलायला. आणि बोलायचं मी! "तुमचं मराठी किती छान आहे. आम्ही बोललो की भांडल्यासारखं वाटतं. प्लीज हां." हो म्हणून बसले.
निलेश जेवताना म्हणाला, "बरंच झालं. तिथेच सांगून टाक, माझी मुलगी पंचवीसमधली आहे."
"आणि मग ओवीशेजारी कोण बसेल?"
ताट उचलून मोरीत ठेवायला गेला.
ओवीने ऐकलंच सगळं. पंचवीसची वेगळी तुकडी होणार म्हणून आधी उड्या मारल्या. मग जरा वेळाने येऊन चिकटली.
"आई, उद्या तू मॅडमना भेटणार ना? रियालापण पंचवीसमध्ये घ्या म्हणून सांग ना. ती नसेल तर मी नाही जाणार तिकडे."
बरं म्हटलं. काय म्हणणार?
निळी साडी इस्त्री करून ठेवलीये. आरशासमोर बोलून पाहिलं. "मॅडम, आम्हा पालकांचं असं म्हणणं आहे की..." इथपर्यंत नीट येतं. पुढे