देवनागरीतली सही

डमडम, कोलकाता, मंगळवार संध्याकाळ

आज पालिकेत सुनावणी होती. आमच्या घरासमोरची पालिकेची जागा तिथल्या वस्तीचा ट्रस्ट विकत घेऊ बघतोय. जमीन कायम ट्रस्टची, घरं राहणाऱ्यांची, बिल्डरला कधीच विकायची नाही. मी ट्रस्टच्या बाजूने बोलले, टाळ्याही पडल्या. मग साहेबांनी हरकतीचा अर्ज पुढे सरकवला. सगळ्या सह्या बंगालीत, एकच देवनागरीत. खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. ह्यांची!

शेजारी मालतीदी. बारा वर्षं आमच्याकडे स्वयंपाक करते, राहते त्याच जागेवर. मला बौदी म्हणजे वहिनी म्हणते. हळूच म्हणाली, "बौदी, ही दादांची ना?"

घरी येऊन विचारलं, तर हे टीव्हीवरची नजर न हलवता म्हणतात, "अगं, शेजारचे घोषबाबू कागद घेऊन आले होते. मला वाटलं, पूजेच्या मांडवाची परवानगी असेल. मला कुठे बंगाली वाचता येतं?"

खरंच, बदलीवर आलो तेव्हापासून आम्ही असंच करत आलोय. बंगाली कागद आला की शेजाऱ्यांवर भरवसा ठेवून सही ठोकायची. मला हायसं वाटलं. उद्या सही मागे घ्यायला लावू, असं ठरवून चहा टाकला.

चहा उकळताना आठवलं. मालतीदीच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका सगळी बंगालीत होती. गेल्याच महिन्यात ती मला अडखळत, पण शेवटच्या ओळीपर्यंत कोणी वाचून दाखवली?

ह्यांनीच.