मागच्या खोलीचा निळा रंग

तीर्थरूप ताई,

तुझ्या ठोंब्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे निम्माच वाकलो आहे, उरलेला निम्मा तू आलीस की पुरा करीन.) साठी उलटून सहा वर्षं झाली, पण तू ठेवलेलं हे नाव काही पुसलं गेलं नाही. तुझे गुडघे काय म्हणतात? जिना चढताना अजून त्यांना शिव्या घालतेस का? इस्पितळातली मेट्रनगिरी सुटून चौदा वर्षं झाली तरी गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याची नाडी धरायचं तू सोडलेलं नाहीस, असं भाचा सांगत होता. गल्लीला उदंड आयुष्य लाभो. आमच्याकडे सगळं ठीक. डोळ्याचं थोडं आहे, ते मागाहून सांगतो.

पत्राचं कारण एकच. तू या महिन्याच्या अठरा तारखेच्या आत आमच्याकडे राहायला ये. सतराला आलीस तर उत्तम, एकोणीसला आलीस तर उपयोग नाही. का, ते विचारू नकोस. आता तू म्हणशील, "तुमच्या त्या मागच्या खोलीत मी पुन्हा पाऊल टाकणार नाही असं सांगितलं होतं ना?" सांगितलं होतंस. दोन वर्षांपूर्वी तू आठ दिवसांसाठी आलीस, एक रात्र त्या खोलीत काढलीस आणि सकाळी पिशवी उचललीस. वर निघताना म्हणालीस की या खोलीत धडधाकट माणूस ठेवला तर आजारी पडेल आणि आजारी ठेवला तर उठून पळून जाईल. चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईचं हे प्रमाणपत्र! तुझ्या भावजयीने ते फार मनाला लावून घेतलं. मी नाही लावून घेतलं, कारण त्या खोलीत माझी सायकल, जुनी वर्तमानपत्रं आणि एक कुबट वास असे तिघं आधीपासून राहत होते, चौथीला अडचण होणारच. पण त्यानंतर तू इकडे फिरकलीच नाहीस, आणि ते मात्र मला लागलं. म्हणून ती खोली आता सजवली आहे. म्हणजे तीन भिंती सजवल्या आहेत. कशा, ते ऐक. चष्मा लाव आणि चुलीवर काही ठेवलं असशील तर उतरवून ये, कारण हे लांबणार आहे.

सुरुवात भावजयीने केली. वाचनालयातून तिने घर सजवण्याचं एक जाडजूड पुस्तक आणलं. पलंग कुठे ठेवावा, ओल कशी घालवावी, असलं कामाचं त्यात काही नव्हतं. घर सजवायला म्हणे प्रेरणा लागते, आणि ती रंगांतून, ऋतूंतून, हातच्या कलांतून आणि प्रवासातून येते. (आमच्याकडे आजवर पाहुणे येणार म्हटल्यावर यायची. पुस्तकात तिचा उल्लेख नाही.) मी म्हटलं, रंगाचं खातं माझ्याकडे. एकतीस वर्षं रंगाच्या कारखान्यात मी रंग जुळवण्याशिवाय दुसरं काय केलं? गिऱ्हाइकाने बशीचा तुकडा आणावा, गाडीचा पत्रा आणावा, आणि मी हुबेहूब त्या रंगाचा डबा भरून द्यावा. एका बाईंनी तर मेलेल्या पोपटाचं पीस आणलं होतं. जुळवून दिलं. डब्यात बघून बाई ढसाढसा रडल्या. असा तुझा भाऊ! आणि अशा माणसाला स्वतःच्या घरातली एक खोली भारी जावी?

प्रवासाची प्रेरणा आणायला आम्ही समुद्रावर गेलो. तिथे सकाळी सातच्या सुमाराला पाण्याला जो रंग येतो ना ताई, तो बघून मी जागच्या जागी थांबलो. फिका, शांत, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या चादरीसारखा निळा. म्हटलं ठरलं, ताईच्या खोलीला हाच. आता कारखान्याची सवय अशी की नमुन्याशिवाय काम करायचं नाही, म्हणून मी एक बाटली समुद्र भरून घेतला. परतीच्या बसमध्ये ती बाटली आठ तास मांडीवर धरली होती. शेजारच्या प्रवाशाला तहान लागली. मी नाही म्हटल्यावर तो सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला की घोटभर पाण्यालासुद्धा नाही म्हणणारा माणूस आज बघितला. (शेवटी दिली. त्याने एक घोट घेतला आणि बाटली परत केली. पुढचे पाच तास त्याने उभ्याने प्रवास केला.) घरी येऊन बाटली खिडकीपाशी धरतो, तर आत काय? नुसतं पाणी! एकतीस वर्षं रंगात घातली, आणि समुद्र बाटलीत भरला की निळा राहत नाही एवढी साधी अक्कल मला नसावी? भावजय तीन दिवस हसत होती. चहा गाळता गाळता मध्येच थांबून हसायची, चहा सांडायचा.

मग आठवणीवरून रंग जुळवायला बसलो. पांढऱ्यात निळ्याचे चार थेंब घातले, काही दिसेना. आणखी चार. तरी आपला पांढऱ्याचा पांढराच. म्हटलं हल्लीच्या निळ्यात पूर्वीचा दम राहिला नाही, आणि डबा तिरका केला. तिने म्हटलं, अहो, बास आता. मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं? ती लगेच गप्प झाली. ती अशी गप्प झाली की आपलं काहीतरी चुकतंय हे समजावं, एवढं चाळीस वर्षांच्या संसारात मी शिकलो आहे. पण ऐन वेळी आठवत नाही. मी अख्खा डबा ओतला तेव्हा कुठे मनासारखा रंग दिसला. तीन भिंती रंगवल्या, चौथीला शिडी लावली आणि तिथे कंबर धरली. ती चौथी भिंत अजून पांढरीच आहे, तिच्याकडे पुन्हा येतो.

तोवर ऋतूंचं आणि कलेचं खातं भावजयीने उघडलं होतं. पुस्तकात लिहिलेलं, ऋतू बदलला की घराने कपडे बदलावेत. उन्हाळ्यात सुती अभ्रे, थंडीत लोकरीचे, पावसाळ्यात गडद पडदे. ते शिवायचं काम समोरच्या शिंपीणबाईंना दिलं. बाईंचा हात सुरेख, पण वायदा त्यांनी तोवर जन्मात पाळला नव्हता. लोकरीचे अभ्रे आले ते भर उन्हाळ्यात, आणि आले म्हणून घातले. सुती आले तेव्हा आम्ही शेकोटीला बसलो होतो. थोडक्यात, आमच्या घरात ऋतू शिंपीणबाईंच्या सवडीने येतात. तू येशील तेव्हा बाहेर काहीही असो, आत बहुतेक पावसाळा असेल. कलेचं म्हणशील तर भावजय वेताचं विणकाम शिकली आणि पहिल्याच झटक्याला तिने तुझ्या खोलीतल्या दिव्यासाठी एक टोपली विणली. वस्तू देखणी आहे, खोटं कशाला बोलू! पण दिवा लावला की चारी भिंतींवर गजांच्या सावल्या पडतात. वायरमन दिवा जोडून खाली उतरला, भिंतींकडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "काका, किती वर्षांची झालीय?" तिला हे सांगू नकोस. मी तिला वायरमनला टोपली फार आवडली असं सांगितलं आहे.

आता डोळ्याचं. रागावणार नाहीस असं आधी कबूल कर. (केलंस? मग वाच पुढे.) माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. दोन महिन्यांपूर्वी उजव्याचं ऑपरेशन झालं. तुला कळवलं नाही, कारण तू आली असतीस आणि डॉक्टरला हात धुवायला शिकवलं असतंस. तो बिचारा नवा आहे. मी अगदी शूरासारखा गेलो आणि शूरासारखा आलो. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, घरी आलो, आणि खुशीत मागच्या खोलीचं दार उघडलं. ताई गं! गॅसची ज्योत असते ना, तसल्या निळ्या तीन भिंती माझ्या अंगावर आल्या. मी किंचाळलोच. भावजय शांतपणे म्हणाली, पंधरा दिवस झाले, असाच आहे. मग डॉक्टरने समजावलं की मोतीबिंदू म्हणजे डोळ्यापुढे पिवळट काच धरल्यासारखं असतं, निळा त्यातून नीट पोचतच नाही. म्हणजे कारखान्यातल्या शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत जी माणसं माझ्याकडून आकाशी रंग घेऊन गेली त्यांचं काय झालं असेल? निरोपाच्या समारंभाला एकही गिऱ्हाईक का फिरकलं नाही ते आत्ता उमगलं.

यातून पुढचा घोळ झाला तो असा. उजवा डोळा नवा, डावा जुना. एकाने पाहिलं तर भिंत पेटलेली, दुसऱ्याने पाहिलं तर समुद्र. मग मला नादच लागला. दिसेल त्या वस्तूकडे आधी डावा डोळा मिटून बघायचं, मग उजवा मिटून. दूध, टॉवेल, पोस्टमन, काही सोडलं नाही. रोज सकाळी खिडकीत उभा राहून समोर शिंपीणबाई दारात पडद्यांची कापडं टांगायच्या त्यांवरही हाच प्रयोग. बाई कापडांच्या मागेच उभ्या असतात हे माझ्या ध्यानात यायला आठवडा लागला. बाईंच्या ध्यानात पहिल्या दिवशीच आलं होतं. आठव्या दिवशी त्या हातात कात्री घेऊन आल्या आणि भावजयीला म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या मालकांच्या डोळ्याला काही झालंय, की काही व्हायला पाहिजे?" भावजयीने सगळं उलगडून सांगितलं तेव्हा कुठे कात्री खाली गेली. पण तेव्हापासून बाई आमचं काम वेळेवर देतात. का ते मी विचारलं नाही.

तर भिंती पुन्हा रंगवल्या. या वेळी रंग मी कालवला आणि बास कधी म्हणायचं ते भावजयीने ठरवलं. चौथ्या थेंबाला ती बास म्हणाली आणि मी हात आवरला. खोलीत आता सकाळी सातचा समुद्र आहे, असं माझा उजवा डोळा सांगतो. डावा म्हणतो पांढरं आहे. दोघांचं अजून एकमत नाही. सायकल बाहेर काढली, वर्तमानपत्रं विकली, खिडकीचं गंजलेलं दार सुताराकडून सोडवून घेतलं, त्यामुळे तिसरा भाडेकरूही आपण होऊन गेला. पलंग तुझ्या गुडघ्यांच्या मापाने चार बोटं उंच करून घेतला आहे. आता आणखी काय करू? तू ये.

बाकी तुला सगळं कळतंच, न लिहिलेलंही कळतं, त्याचीच भीती आहे.

तुझा,
ठोंब्या

ता. क. चौथी भिंत मुद्दाम तशीच ठेवली आहे. तिला तुझ्या त्या जुन्या शालीचा रंग द्यायचा आहे. शाल जांभळी की मोरपंखी यावरून आमच्यात दोन जेवणं अबोल्यात गेली. शालीचा तुकडा कापून टपालाने पाठवू नकोस. रंग ज्या खोलीत लावायचा त्याच खोलीच्या उजेडात जुळवायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे. म्हणजे शालीला इथे यावं लागणार, आणि शाल काही एकटी प्रवास करत नाही.

ता. क. २. अठरा तारखेला सकाळी मला तासाभराचं एक किरकोळ काम आहे. तुझ्या येण्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

वन्सं, नमस्कार. पत्र पाकिटात घालताना वाचलं, म्हणून ही चार ओळींची भर. किरकोळ काम म्हणजे ह्यांचा डावा डोळा. दोन तारखा बुडवून झाल्या. पहिल्या खेपेला दवाखान्याच्या पायरीवरून छत्री विसरली म्हणून परत फिरले. बाहेर लख्ख ऊन होतं. दुसऱ्या खेपेला आत नेलं, दवाखान्याचा तो अंगरखा घातला, मी बाहेर बाकावर बसले, आणि हे मागच्या दाराने तशाच अंगरख्यात चालत घरी. त्या अंगरख्याला मागे नुसत्या नाड्या असतात हे तुम्हाला सांगायला नको. शिंपीणबाई दारातच होत्या. पहिल्या डोळ्याच्या वेळी शूर वगैरे काही नव्हते, माझ्या मनगटावर पाच दिवस वळ होते. डॉक्टर म्हणतात, आता आणखी लांबवणं बरं नाही. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. आणि तो दिवा खरंच गजांसारखा दिसतो, मला वायरमनने सांगितलं. तुम्ही येण्याआधी काढून ठेवते.

ता. क. ३. हिने पाकीट फोडायला लावलं. लिहिलंय ते खरं आहे, अंगरख्यासकट. ताई, मी सात वर्षांचा असताना माझी हनुवटी फुटली होती, आठवतं? तू तेरा वर्षांची. टाके घालायला घेतले तशी तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, रडायचं नाही ठोंब्या, छताकडे बघ आणि कुठकुठले रंग दिसतात ते सांग. छत नुसतं पांढरं होतं. तरी मी तुला नऊ रंग सांगितले. नववा सांगेपर्यंत टाके झाले होते. कारखान्यात लोक विचारायचे, या धंद्यात कसे आलात, तेव्हा मी काहीतरी थाप मारायचो. डोळ्याच्या ऑपरेशनला माणूस टक्क जागा असतो गं. वर नुसता उजेड दिसतो, त्यात नाना रंग असतात, आणि कोणी काही विचारत नाही. डॉक्टर एवढंच म्हणतो, हलू नका. मला फार भीती वाटते. तू मेट्रनबाई होतीस म्हटल्यावर तुला आत येऊ देतील, मी विचारून ठेवलं आहे. शाल विसरलीस तरी चालेल.