‘हाण!’ म्हणणाऱ्याचा बंदोबस्त

२ जून, सकाळ
आजपासून दुकान उघडण्याआधी रोज दोन तास मिक्सचं काम. खंड नाही. आपला लाडका बँड त्यांचं एक गाणं दर कार्यक्रमात वेगळं वाजवतो. गाणं चार मिनिटांचं, पुढे वीस-पंचवीस मिनिटं सुचेल ते. हाच जॅम. चाहत्यांनी केलेली एकतीस रेकॉर्डिंग्ज माझ्याकडे आहेत. सगळ्यांतले उत्तम तुकडे जोडून एक निर्दोष जॅम करणार, खुद्द बँडला न जमलेला. तीस तारखेला चाहत्यांच्या ग्रुपवर सगळ्यांच्या अशा मिक्सवर मतदान. तीन वर्षं ग्रुपमधले ते दातांचे डॉक्टर पहिले येतायत. यंदा बघतोच.

३ जून
उशिरा जाग आली. उद्यापासून नक्की.

७ जून
हिरा सापडला! एकोणीस वर्षांपूर्वीचा मैदानातला कार्यक्रम. त्याला मी स्वतः होतो. हीसुद्धा. नवीन लग्न. तिसऱ्या रांगेत डोळे मिटून, अगदी शांतपणे ऐकलं होतं मी. पण रेकॉर्डिंगमध्ये एक गाढव बेताल टाळ्या पिटतंय. गिटार विझत आली की बोंबलतं, ‘हाण!’ शेजारची बाई त्याला म्हणते, खाली बस. बिचारी. कुणाच्या पदरात काय पडेल, सांगता येत नाही.
ग्रुपवर लिहिलं, असल्यांना तिकीटच देऊ नये. अठ्ठावीस लाइक.

११ जून
दुकानात चष्म्याची भिंगं बसवताना डोक्यात त्याच टाळ्या. डावं भिंग उजवीकडे गेलं. मालकांनी विचारलं, लक्ष कुठंय? कलेत, असं म्हणालो. मनात.

१६ जून
एकशे चौदा टाळ्या काढल्या, एकेक करून. ग्रुपला रोज प्रगती कळवतो. आज त्या इसमाला ‘तालाचा वैरी’ म्हटलं. डॉक्टरांनी लिहिलं, माणूस आनंदात दिसतोय, राहू द्या की. दातांच्या डॉक्टरांना दुसऱ्याच्या वेदना कधी कळल्यात?

२१ जून
‘हाण!’ निघाला! त्याला चिकटलेलं बाईचं वाक्यही गेलं. नाइलाज. एकच बारीक अडचण. विझत आलेली गिटार आता काही कारण नसताना उसळते. कुणाच्या लक्षात येणार नाही.

२९ जून
मिक्स पाठवला. हिला ऐकवला. कपडे वाळत घालता घालता पूर्ण ऐकून म्हणाली, छान आहे, पण गिटारवाल्याला मध्येच विंचू चावला का? हिला संगीतातलं कळत नाही.

३० जून, दुपार
डॉक्टर पहिले. मी सतरांत चौदावा. यात राजकारण आहे.
त्यांच्या मिक्समध्येही तोच तुकडा, पण साफ न केलेला. खाली त्यांनी लिहिलंय, गिटारवाला थांबणारच होता, ‘हाण!’ ऐकून परत फिरला, त्या माणसामुळे पुढची अकरा मिनिटं आपल्याला मिळाली. ग्रुपवर त्या गाढवाला सलाम चाललेत.
हिला म्हटलं, ऐक, असला कचरा पहिला येतो. ती ऐकता ऐकता हसत सुटली. म्हणाली, अरे, हा तूच! मी म्हटलं, शक्य नाही, मी डोळे मिटून ऐकत होतो. म्हणाली, मिटलेलेच होते, म्हणून तर पुढच्याची टोपी पाडलीस. आणि खाली बस म्हणणारी मी.
चार वेळा ऐकलं. आवाज माझाच.

३० जून, संध्याकाळ
ग्रुपवर डॉक्टरांचा प्रश्न, तो महापुरुष कोण, कुणाला माहीत आहे का? वर माझ्या तीन आठवड्यांच्या शिव्या ओळीनं उभ्या. ‘मी’ असं लिहिलं. पुसलं. ‘कल्पना नाही’ असं पाठवलं. फार लाज वाटली.
ही शेजारी येऊन बसली. म्हणाली, तेव्हा आपण किती मजेत होतो रे. माझं ते ‘खाली बस’ पुन्हा ऐकव. पण त्या डॉक्टरांचा मिक्स नको, तुझा लाव, तू महिनाभर खपलायस.
सांगितलं, माझ्यात ते नाही, मी काढून टाकलं.
डॉक्टरांचाच लावला.