सतरा नंबरची जागा

बाबा, तुम्ही हल्ली आपल्या लोणावळ्याच्या घरात, हॉलमधल्या कपाटाखाली राहता. कामशेतच्या शाळेत शिकवण्याआधी तुम्ही घरी संस्कृतचे पाठ कॅसेटवर म्हणून ठेवायचात ना, ते सगळे मी एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतलेत. त्याला घरचा सर्व्हर म्हणतात. दुपारी तुमच्यासारखाच बारीक घोरतो. आईच्या टॅबवर तुमचा फोटो आहे, त्यावर बोट ठेवलं की तुम्ही सुरू. तिला संस्कृत कळत नाही, पण पाठ झाल्याशिवाय ती सकाळच्या चहाला हात लावत नाही. तुमच्या विद्यार्थ्यांत एवढी निष्ठा कुणाची नव्हती, माझी तर नव्हतीच.

काल सकाळी तिने तीनदा बोट दाबलं.

"हे बोलत न्हाईत रं. रुसलेत का काय?"

"आता कशाला रुसतील, आई?"

"तूच कायतरी केलं असशील."

मी वायरी काढून पुन्हा खोचल्या, धूळ फुंकली, तज्ज्ञासारखा चेहरा करून कॉम्प्युटर दोनदा बंद-चालू केला. अकरा वाजले. दोनदा गरम केलेला चहा तिसऱ्यांदा निवला. आई हळूच म्हणाली, "गेलं का रं समदं?" तेव्हा मात्र तज्ज्ञाचा चेहरा सोडून मी नीट शोधायला बसलो.

गेलं काहीच नव्हतं. चूक माझी होती. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक नंबर देतो. तुमचा होता सतरा. तो कायम तोच राहील असं गृहीत धरून मी फोटोला 'सतरावर जा' एवढंच शिकवून ठेवलं होतं. परवा वीज गेली. परत आली तेव्हा राउटरने नव्याने नंबर वाटले, आणि देहूरोडहून राहायला आलेल्या ताईच्या मोबाईलने सतरा पटकावला. तुमचा कॉम्प्युटर सावकाश उठतो, त्याला मिळाला बावीस. टॅब बिचारा ताईच्या मोबाईलचं दार ठोठावत बसला होता.

आणि मला तुमचा आठवीचा वर्ग आठवला. पहिल्या दिवशी जो जिथे बसेल ती त्याची वर्षभराची जागा. गैरहजर असला तरी रिकामी ठेवायची. एक दिवस खिडकीजवळची जागा मोकळी दिसते, तिथून रेल्वे दिसते, मी जाऊन बसतो. तुम्ही पुस्तकातून मान वर न करता म्हणता, "आपण उठावं. तो आला तर बसेल कुठे?" घरी 'अरे गाढवा', वर्गात 'आपण'. अख्खा वर्ग हसतो. तो आदर मला वर्षभर पुरला.

राउटरमध्येही तुमचीच पद्धत निघाली. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून आलेली एक खूण असते. त्या खुणेपुढे सतरा लिहून ठेवला की ती जागा राखीव. वीज जावो, पाहुणे येवोत, तिथे दुसरं कुणी बसत नाही. ताईच्या मोबाईलला उठवलं. आदराने.

आज सकाळी आईने बोट ठेवलं आणि तुम्ही खाकरून सुरू झालात. "आलं बाई," म्हणत तिने बशीत चहा ओतला.

हे पत्र तुमच्या पाठांशेजारीच ठेवतो, आईला तिथे ते सापडायचं नाही. एक सांगायचं राहिलंय. खिडकीजवळचा तो मुलगा त्या दिवशी आला नाही, कारण शाळेला सुट्टी आहे असं आदल्या संध्याकाळी मीच त्याला सांगितलं होतं.