पहिल्या रांगेतली नानांची खुर्ची

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांगच घातला असता, पण परवा शूटिंगमध्ये तिसऱ्यांदा मेलो, तेव्हा जिन्यावरून जरा जास्तच मनापासून गडगडलो, त्यामुळे तूर्त कमरेत वाकता येत नाही. तुझं पित्त कसं आहे? दाजींचा गुडघा काय म्हणतो? (गुडघा काही म्हणत नसला तरी त्याच्या वतीने दाजी बोलत असतीलच.) मंगळवारी तुझा फोन आला, मी उचलून नुसतं ‘बोला’ म्हणालो, तर पलीकडून तुझा हुंदकाच ऐकू आला. मी घाबरून फोन ठेवला. तुला काय ऐकू आलं ते मला ठाऊक आहे, ताई. म्हणून बोलण्याऐवजी लिहितोय. दाजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.

माझा धंदा तुला माहीत आहेच. आठवड्यातून दोनदा माइकसमोर एकट्याने उभं राहून लोकांना हसवायचं आणि उरलेले दिवस मालिकांमध्ये न्यायाधीश, डॉक्टर, प्रेत असं जे मिळेल ते व्हायचं. (प्रेताला पाठांतर नसतं, पण श्वास रोखून दमायला होतं.) माझ्या कार्यक्रमातला हुकमी तुकडा म्हणजे दुकानातले नाना. चष्म्याच्या काउंटरवर छोट्या पेचकसाने टक टक असं दोनदा वाजवायचं, घसा खाकरायचा आणि मग गिऱ्हाइकाला, ‘डोळे मोठे कर, नखरे नकोत, तिसरी ओळ वाच.’ लोक लोटपोट व्हायचे. नानांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी मला एकच वाक्य ऐकवलं, की माझ्याकडे माणसं दिसावं म्हणून येतात, त्यांना हसण्यावारी नेऊ नकोस. त्यानंतर अकरा वर्षं अबोला. मीही त्यांचाच मुलगा. पहिल्या प्रयोगापासून पाठवायचो तसाच दर प्रयोगाचा पास त्यांना टपालाने पाठवत राहिलो, आणि पहिल्या रांगेतली दाराजवळची खुर्ची त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून राखून ठेवत राहिलो. ती कधी भरली नाही. ते गेले, त्यालाही आता आठ महिने झाले, पण पास पाठवणं थांबलं तरी खुर्ची राखणं काही थांबलं नाही. व्यवस्थापकाला सवयच लागली आहे.

ते गेल्यानंतर मी तो तुकडा तीन महिने केला नाही. मग एका संध्याकाळी हसू येईना, लोक जांभया द्यायला लागले, म्हणून नाइलाजाने माइकच्या दांड्यावर टक टक केलं. समोर एक जाडसर बाई बसली होती. माझ्या तोंडून निघालं, डाव्याला पावणेदोन, उजव्याला दीड, आणि ही फ्रेम तुला कोणी दिली, नाकावरून घसरतेय. लोक हसले. बाई हसली नाही. तिने चष्मा काढून हातात धरला आणि माझ्याकडे बघत राहिली. नंबर तंतोतंत बरोबर होता, ताई. मला स्वतःच्या चपलेचा नंबर पाठ नाही! पुढच्या प्रयोगाला अकरा जणांचे नंबर सांगितले, अकराही बरोबर. त्याच्या पुढच्या प्रयोगाला लोक चष्म्याची घरं हातात घेऊनच आले, आणि दोन म्हातारे तर विनोद चालू असताना मोठ्याने विचारत होते की तपासणी कधी सुरू होणार. व्यवस्थापक खूश आहे. म्हणतो, विनोद जरा आवर आणि नंबर वाढव.

इथवर हसण्यासारखं होतं. पण मग मालिकेत न्यायाधीश म्हणून बसलो असताना, नायकाला जन्मठेप सुनावायची होती तिथे मी हातोडा दोनदा टकटकवला आणि त्याला म्हणालो, उजव्याला अडीच आहे, लपवून काय मिळणार, एक दिवस पायरी चुकशील. (तो चोरून लेन्स लावतो हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं. आता सगळ्यांना माहीत आहे.) मला त्या न्यायालयातून काढलं आणि दुसऱ्या मालिकेत प्रेत केलं. तिथे निदान तोंड बंद असतं.

त्यात मागच्या आठवड्यात आवाज भरायला स्टुडिओत गेलो. काचेच्या पलीकडे बसणारा ध्वनिमुद्रक सज्जन माणूस, वीस वर्षं लोकांचे खोकले पुसतोय. त्याने मला थांबवलं आणि विचारलं, टेबल का वाजवताय? माझे दोन्ही हात खिशात होते. त्याने ऐकवलं. माझ्या प्रत्येक वाक्याच्या आधी टक टक. त्याने ते पुसलं, पुन्हा लावलं, तर ते तिथेच. मग त्याने माझी दोन वर्षांपूर्वीची फीत काढून शेजारी लावली आणि म्हणाला, हा तुमचा आवाज. मग आत्ता आत कोण बोललं? त्यानंतर त्याने चहा मागवला, पण माझ्याबरोबर प्यायला बसला नाही.

घरी हिला आधी गंमत वाटायची. आता सकाळी बेसिनवर दात घासायचा ब्रश दोनदा वाजला की ती पदर खांद्यावर घेते. सासऱ्यांपुढे घ्यायची तसा.

रविवारी दुपारच्या प्रयोगाला मी ठरवलं, नाना करायचेच नाहीत. आपले स्वतःचे विनोद आपल्या स्वतःच्या आवाजात सांगायचे. सुरुवात केली. चौथ्या वाक्याला टक टक झालं. माझ्याकडून नव्हे, दाराजवळच्या खुर्चीकडून. सगळं थिएटर तिकडे वळलं. खुर्चीवर चिठ्ठीशिवाय काही नव्हतं. आणि मग माझ्याच तोंडून, माइकवर, सगळ्यांना ऐकू जाईल असं आलं, की चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाच. मी डोळे ताणले. ताई, माझ्याच हाताने लिहिलेलं मला दिसेना. दोन्हीला सव्वा, असं मीच मला सांगितलं, आणि वर, पहिल्या प्रयोगाला तुझ्या शर्टाचं दुसरं बटण तुटलेलं होतं, विचारलं असतंस तर लावून दिलं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. दोन्हीला सव्वा.

त्या बटणावर मी सबंध प्रयोग माइक धरलेला हात ठेवून उभा होतो. ते कोणालाही दिसलेलं नाही अशी माझी समजूत होती.

तू मोठी, ते तुझं ऐकायचे. त्यांच्या फोटोसमोर उभी राहा आणि स्पष्ट सांग, की नाना, आता पुरे, पोराला त्याचा आवाज परत द्या, त्याचं पोट त्यावर आहे. माझ्याने त्यांच्यापुढे तोंड उघडवत नाही. उघडलं की तेच बोलतात.

तुझा आज्ञाधारक (पूर्वी नव्हतो),
धाकटा

ता. क. नानांचा लांबचा चष्मा तुझ्याकडच्या पेटीत असेल. नंबर सव्वाच होता ना? पाठवून दे. नवा करायला दुसऱ्या दुकानात जायचं म्हणजे त्यांना बरं वाटायचं नाही.

आणखी एक. पेटीच्या खालच्या खणात मी पाठवलेले पास असतील. त्यांनी कागद कधी टाकला नाही. दारावरचा माणूस आत सोडताना पासाचा कोपरा फाडतो. सगळे एकेक करून बघ. नाना पुढच्या खुर्चीत बसणाऱ्यातले नव्हेत. आले असतील तर मागे खांबाआड उभे राहिले असतील. कोपरा फाटलेला एक जरी सापडला तरी मला पुरे. काय ते पत्रानेच कळव, फोनवर नको. खण उघडल्याचं त्यांना कळेल.

शेवटचं. फोटोसमोर उभं राहायचं मी वर लिहिलंय, ते राहू दे. काही सांगू नकोस. अकरा वर्षांनी कुठे बोलायला लागलेत, पुन्हा अबोला धरतील.