गाण्यात मी मेलोय

१२ ऑगस्ट
रूममेट मंग्याचं रॅप गाणं आज आलं. रूमवरच ऐकवलं, माझ्या प्लास्टरवर स्पीकर ठेवून. खराडीचा खड्डा, पाठीवरची डिलिव्हरीची बॅग, मी रस्त्यात पडलेला आणि कस्टमर केअरवाला विचारतोय ऑर्डर कुठपर्यंत आली. सगळं खरं. मीच सांगितलेलं. तिसऱ्या कडव्यात मी मेलो.
"अबे, मी कधी मेलो?"
"दीपक विझला, ऑर्डर थंड. लाइनच अशी पडली भावा, सोडवेना. आणि पाय मोडला यावर कोण रडतं?"
नाव तरी बदलायचं. तर म्हणे, मग ऑथेंटिक वाटत नाही.

१५ ऑगस्ट
गाणं जोरात चाललंय. बिबवेवाडीतल्या आमच्या खालच्या टपरीवरसुद्धा वाजतंय. कॉमेंट वाचत पडलोय. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. एक बाई लिहितात, माझ्याकडे नेहमी हाच यायचा, फार हसतमुख मुलगा. मी? हसतमुख?

१८ ऑगस्ट
आईचा फोन, यवतमाळहून. आधी नुसती रडली.
"लोक दाराशी येऊन राह्यले. तू हायेस ना रे बाप्पा?"
हाये म्हटलं. खरंच वाटेना. व्हिडिओ कॉल करून प्लास्टर दाखवलं, मग शांत झाली. मंग्याला शिव्या दिल्या. मग विचारलं, तो जेवतो ना वेळेवर?

१९ ऑगस्ट
मंग्याची मुलाखत बघितली. टोपी उलटी, आवाज जड. "मी जगलेलंच लिहितो." मी पडलो तेव्हा हा हिंजवडीत एसीत कोड लिहीत होता.
पण हेही लिहायला हवं. रोज सकाळी मला संडासला तोच धरून नेतो. ऑफिसची बस चुकते, तरी. एका शब्दाने बोलून दाखवत नाही. ते गाण्यात नाही.

२१ ऑगस्ट
संतोष आला. माझ्याच झोनचा रायडर, त्या दिवशी मला रिक्षात घालून नेणारा. रविवारी सगळे रायडर ॲपमधून लॉगआउट करून खराडीत धरणं धरून बसणार. मागणी एकच: अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च कंपनीने द्यावा. माझा क्लेम नाकारला होता. मेसेज आला होता, मार्ग सोडून गेलात. खड्डा चुकवायला गेलो होतो.
संतोषने खाली मान घालून सांगितलं, "तुझा फोटो लावणार आहोत. हार घालून. तू जिवंत आहेस हे आम्हा चार-पाच जणांनाच माहितीय. रविवारपर्यंत बाहेर येऊ नको."
"आणि मी आलो तर?"
"पाय मोडलेल्यासाठी कोण लॉगआउट करतं रे? तू केलं होतंस का कधी?"
नाही केलं.

२२ ऑगस्ट
मंग्याशी भांडण. म्हटलं, रविवारी स्टेजवर उभं राहून खरं सांग. तो रडायलाच लागला. "तुझ्यासाठीच केलं ना." खोटं रडत नव्हता. त्याचीच जास्त चीड आली.
नंतर दोघांनी मिळून मॅगी खाल्ली.

२४ ऑगस्ट, रविवार
सगळं फोनवर पाहिलं. एवढे रायडर मी एका जागी कधी पाहिले नव्हते. फोटो गेल्या दिवाळीतला, बाजूचा मंग्या कापलेला. तो गायला. सगळे माझं नाव घेत होते. अंगावर काटा आला. लाज वाटली, तरी काटा काही जाईना. शेवटी कंपनीचा कुणीतरी येऊन म्हणाला, विचार करू, मृताच्या कुटुंबाशी आधी बोलू.
मृताचं कुटुंब गादीवर पाय वर करून बघत होतं.

२६ ऑगस्ट
संतोष आणि मंग्या दोघे रूमवर. चर्चा माझ्या डोक्यावरून. खरं बाहेर आलं तर मागणी गेली, पोरं तोंडघशी. नाही आलं तर मी करायचं काय, दुसऱ्याच्या नावाने जगायचं? संतोष म्हणाला, "कंपनीशी दीपकचा भाऊ म्हणून बोल. फक्त एकदा." मी म्हटलं, आईला काय सांगू?
तेवढ्यात फोन. कंपनीच्या बाई. अर्ज केला, मेल केले, तेव्हा कुणी माणूस कधी बोलला नव्हता. यांचा आवाज अगदी मऊ.
"दीपकजींच्या घरच्यांशी बोलायचं होतं. झालं ते फार वाईट झालं. आपण कोण त्यांचे?"
दोघेही माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, आत्ता बोलता येत नाही, उद्या करा.
"हो, हो, काहीच घाई नाही. काळजी घ्या."
दोन वर्षं यांच्यासाठी गाडी चालवली. आज पहिल्यांदा कुणी मला आपण म्हटलं.